चपलांची ओळ आणि मोडलेली भाकरी

पत्र पाच पानी आहे. त्यातलं मुख्य तेवढं इथं देते.

"मावशी, नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. घरी दोन माग आहेत, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सव्वादोन वर्षांचा पोरगा. पोरगं गुणी आहे, खरं त्याच्या शिस्तीनं आम्ही सगळे बेजार झालोय. उंबऱ्याबाहेर चपला ओळीत पाहिजेत आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. आजोबांच्या खुर्चीत दुसरं कोण बसलं की आकांत. आमटी भाजीला लागली की ताट ढकलतोय. भाकरी मोडून दिली की 'मोडली, मोडली' करत लोळण. बोटाला काही लागलं की 'पूस' म्हणून हात पुढं. परवा खानापूरकडं माहेरी गेलो होतो. वळीव पडून गेलेला, अंगणात चिखल. बाकीची पोरं नाचत होती आणि हा माझ्या कमरेवरनं खाली उतरला नाही. सगळे हसले. पुण्याची जाऊ फोनवर म्हणाली, ही ऑटिझमची लक्षणं, मोबाईलवर बघ. तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. आता यात्रेला पाहुणे येणार, खुर्चीचं काय करू? पोरगं हट्टी झालंय की आजारी आहे, एवढं सांगा."

अगं, आधी झोप काढ. मी डॉक्टर नाही, बालवाडीत सतरंज्या झटकत आयुष्य गेलेली बाई आहे. तुझं पत्र मात्र दोनदा वाचलं. पाच पानं तक्रारी लिहिता लिहिता तू नकळत बाकीचंही लिहून गेलीस. कौलावर माकड आलं की तो बोट करून दाखवतो आणि तू बघितलंस का म्हणून तुझ्या तोंडाकडं बघतो. हाक मारली की वळतो. शेजारच्या अक्काला कन्नडात 'बेड', 'साकु' म्हणतो आणि तुला मराठीत 'नको', 'पुरे'. म्हणजे कुणाशी कुठली भाषा चालते, हे त्याला कळून चुकलंय. आजोबा मागावरून उठले की धावत चष्मा नेऊन देतो. हे सगळं जावेला सांगितलं होतंस का? मला वाटतं नाही. चपला आणि खुर्ची एवढंच सांगितलं असणार. लेकरू माणसांकडं कसं बघतं, हे मला चपलांच्या ओळीपेक्षा फार मोठं वाटतं.

आता ओळीकडं येऊ.

सव्वादोन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही, पंचांग नाही. 'उद्या' आणि 'परवा' त्याला सारखेच. माग थांबला म्हणजे जेवायची वेळ आणि दिवे लागले, आजीनं हात जोडले म्हणजे बाबा येणार, असं त्यानं पाठ केलेलं असतं. एकामागून एक काय येतं, हेच त्याचं घड्याळ. आणि कुठली वस्तू कुठं, हा त्याचा नकाशा. तुमच्या दारातली चपलांची ओळ म्हणजे त्याचा हजेरीपट आहे गं. मोठी चप्पल ओळीत आहे म्हणजे बाबा घरात. आजीची नाही म्हणजे आजी देवळात गेलीय. ती ओळ कुणी पायानं विस्कटली की चपला हलल्या एवढंच तुला दिसतं, त्याच्या लेखी घरातली माणसंच कुठल्या कुठं झाली.

भाकरीचंही तसंच. आपल्याला ठाऊक असतं की भाकरीचे दोन तुकडे झाले तरी भाकरी तेवढीच. त्याला अजून ते ठाऊक नाही. गोल, अखंड, फुगलेली ती भाकरी. मोडली म्हणजे ती गेलीच, आणि ती तू घालवलीस! मग लोळण घेणार नाही तर काय करील?

मारिया मोंटेसोरी ही इटलीची डॉक्टरबाई. तिनं 1907 साली रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं आणि पोरं काय करतात ते नुसतं बघत बसली. पहिल्या तीन वर्षांत मुलाला व्यवस्थेची भूक असते, हे तिनं ठामपणे मांडलं. तिनं सांगितलेला एक प्रसंग मला फार आवडतो. दीडेक वर्षाचं मूल आईबरोबर फिरायला निघालेलं. उकडायला लागलं म्हणून आईनं कोट काढून हातावर टाकला. मूल रडायला लागलं ते काही केल्या थांबेना. कडेवर घेतलं तरी नाही, समजावलं तरी नाही. बाईंनी आईला कोट परत अंगात घालायला लावला आणि मूल गप्प. कोटाची जागा अंगावर असते, हातावर नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ही बाई 1939 साली भारतात आली, महायुद्धामुळं अडकली आणि 1946 पर्यंत इथंच शिकवत राहिली. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या पोरांसाठी काम सुरू केलं, तेव्हा परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, शंख-शिंपले, पानं, बिया घेतल्या. लावायला, जुळवायला, मोजायला पोरांना तेवढं पुरलं. तुझ्या घरात तर मागाच्या सुताच्या कांड्यांचा ढीग आहे. त्याचं पुढं सांगते.

हे सगळं जुन्या बायकांच्या निरीक्षणावर उभं आहे असंही समजू नकोस. अमेरिकेत 1997 साली सुमारे दीड हजार लहान मुलांच्या आईबापांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरलेल्या क्रमानंच सगळं हवं, वस्तू 'बरोब्बर' तशीच लागली पाहिजे, ओळी लावणं, असलं वागणं दोन ते चार वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त आढळलं आणि पुढं ते कमी होत गेलं. आजारी नव्हे, साध्या घरांतल्या मुलांचा अभ्यास होता तो. म्हणजे तुझं पोरगं त्या गर्दीतच उभं आहे.

खरं (बघ, 'पण'साठी तुझा शब्द मलाही लागला) तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत आल्यात. चपला, खुर्ची, भाकरी ही एक. हाताला लागलेली आमटी आणि चिखल ही दुसरी. व्यवस्थेचं वेड पोर स्वतःबरोबर घेऊन येतं. किळस मात्र बरीचशी आपण देतो.

1986 साली पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी एक चावट प्रयोग केला होता. शेंगदाण्याचं लोणी आणि वास मारणारं चीज कालवून कुत्र्याच्या विष्ठेसारखं काहीतरी तयार केलं आणि लहान मुलांपुढं ठेवलं. अडीच वर्षांच्या आतल्या निम्म्याहून जास्त पोरांनी ते खुशाल तोंडात घातलं! सासूबाईंना हे वाचून दाखवू नकोस, जेवण जायचं नाही त्यांना. पण सांगायचं एवढंच, की 'घाण' ही कल्पना या वयात पोराच्या डोक्यात आपली आपण फारशी उगवत नाही. ती आपल्या तोंडाकडं बघून येते.

म्हणून एक काम सांगते. चार दिवस ओट्यावर एक वाटी ठेव आणि बाजूला मूठभर चिंचोके. घरातलं कुणीही पोरासमोर 'शी', 'टाक ते', 'घाण झालं', 'हात बघू' म्हणालं की एक चिंचोका वाटीत. सासूबाई, सासरे, नवरा, तू, सगळ्यांचे. रात्री मोज. कुणाला बोलायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं मोजायचं. तिसऱ्या पानावर तूच लिहिलंयस की मागाचा कापूस उडतो म्हणून दिवसातून तीनदा फरशी पुसतेस. त्याला मी नावं ठेवत नाही, मागाच्या घरात कशी पुसल्याशिवाय चालेल! पण पोरगं तिन्ही वेळा बघतंय. आणि मोठी पाच माणसं, त्यात ती अक्का, यांची 'शी' एकट्याच्या वाट्याला येते, त्याला दुसरं भावंडही नाही वाटून घ्यायला.

सगळंच शिकवलेलं असतं असंही नव्हे. काही मुलांचे तळहात-तळपाय जन्मतःच हळवे असतात. चिकट, ओलं, बोटांच्या बेचक्यात शिरणारं काही त्यांना सोसत नाही. आमच्या बालवाडीत अशी एक मुलगी होती. मी तेव्हा नवी, उत्साही, सगळ्या पोरांनी मातीत खेळलंच पाहिजे या मताची. तिचे दोन्ही हात धरले आणि कालवलेल्या मातीत घातले. हसत हसत घातले, हे आज जास्त लागतं. ती रडलीसुद्धा नाही, ताठ झाली. पंधरा दिवस आली नाही. तिची आई रागावली नाही, फक्त म्हणाली, "बाई, ती आता कणकेलापण हात लावत नाही." म्हणून सांगते, पुढच्या खेपेला माहेरी कुणी मामा "उतरव की त्याला खाली" म्हणून चिखलात सोडायला लागला, तर त्या मामाला खुशाल उतरव. पोराला नको.

मातीकडं जायची वाट कोरड्यातून आहे. आधी परातीत तांदूळ आणि एक वाटी, नुसतं भरायचं आणि ओतायचं. मग रवा. मग तू भाकऱ्या थापताना बाजूला पिठाची चिमूट. कणकेचा घट्ट गोळा, बोटाला न चिकटणारा. ओल्याला हात नको म्हणाला तर चमचा दे, काडी दे. एका हातात ओलं फडकं असू दे त्याच्या, त्याचं स्वतःचं, छोटं. 'पूस' म्हणून हात पुढं आला की तू पुसू नकोस. "फडकं तुझ्याकडंच आहे की" एवढंच म्हण. पुसायची सोय आपल्या हातात आहे हे कळलं की माखायची भीती निम्मी होते. दहादा पुसेल. पुसू दे.

आणि बघ, दिवस कसे जुळून आलेत. ज्येष्ठाची अमावस्या आलीच, मातीचे बैल घरोघरी येतील. अक्काच्या घरी ती 'मण्णेत्तिन अमावास्ये', तिला विचार, ती हौसेनं सांगेल. यंदा बैलजोडी विकत आण, पण मूठभर मातीही आण. खानापूरची माती मडक्या-कौलांना नावाजलेली, म्हणजे तुझ्या माहेरचीच की. तू त्याच्यासमोर बसून एक वेडावाकडा बैल कर. त्याला 'तूही कर' म्हणू नकोस. शेपूट मात्र करू नकोस. व्यवस्थेचं पोर आहे, बिनशेपटीचा बैल त्याला बघवणार नाही. बहुतेक बोट लावेलच. नाहीच लावलं तर दिवाळीला किल्ला आहे. तिथंही आधी माती कालवायला नाही, किल्ल्यावर मोहरी पेरायला बसव.

साबणाचं मात्र सोडायचं नाही हं. जेवणाआधी आणि शी करून आल्यावर वीसेक सेकंद चोळून हात धुवायचे, रोज, न बोलता, पाणी प्यावं तसं. जंतूंच्या गोष्टी सांगून धुवायचे नाहीत.

व्यवस्थेला मात्र जागा द्यायची. सासऱ्यांकडून रिकाम्या कांड्यांची एक पेटी माग, सुताची टोकं उरलेल्या असतील तर फारच छान, रंगांप्रमाणे लावता येतील. त्याच्या उंचीला एक फळी ठोकून घ्या. त्या फळीवर त्याचं राज्य. तिथं सासूबाईंनी डबा ठेवायचा नाही आणि तू आवरायचं नाही. चपला लावायचं काम रीतसर त्याला दे. हौस म्हणून करतोच आहे, आता काम म्हणून करू दे. मुलखाचा आनंद असतो त्यात. भाकरीचं तर अगदी सोपं: चानकी, म्हणजे छोटीशी भाकरी, कर त्याच्यापुरती. अखंड ताटात वाढ आणि मोडायची तर त्यानं मोडावी. ताटात आमटी वेगळ्या वाटीत दिलीस म्हणून काही तो लाडावणार नाही. मोठी माणसंही ताकात भाजी गेली की तोंड वाकडं करतात, आपण त्यांना हट्टी म्हणत नाही.

तरी एखाद्या दिवशी मोडायचंच. तेव्हा दुसरी, तिसरी भाकरी आणायला धावू नकोस. "तीच तर आहे, पोटात जाऊन मोडणारच आहे" असलं तत्त्वज्ञानही नको, त्या क्षणी त्याला ऐकू येत नाही. शेजारी बस. "मोडली ना. तुला अख्खी पाहिजे होती." बस्स. मग गप्प. रडणं संपायला तुला वाटतं त्यापेक्षा कमी वेळ लागतो, मध्ये मध्ये आपण बोलतो म्हणून ते लांबतं.

दृष्टीचं म्हणशील तर सासूबाईंना मीठ-मिरच्या ओवाळू दे की. त्यांचं काळीज हलकं होतं, तुमचं दोघींचं भांडण वाचतं. मिरच्यांचा धूर तेवढा पोराच्या नाकात जाऊ देऊ नका.

आता जावेच्या फोनचं. तिनं घाबरवलं, पण विषय उगीच काढला असं मी म्हणणार नाही. ओळी लावणं एकटंच असेल तर त्यावरून काही ठरत नाही. पण वर्ष उलटून गेलं तरी हाकेला न वळणं, दीड वर्षापर्यंत बोट करून काही न दाखवणं, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून न बोलणं, येत असलेले शब्द नाहीसे होणं, माणसांपेक्षा वस्तूंतच दिवस घालवणं, यातलं काही असेल तर वाट बघत बसायचं नाही. खाणं दोन-तीन पदार्थांवर येऊन वजन वाढायचं थांबलं तरी दाखवायचं. आणि पाच-सहा वर्षांचा झाल्यावर हे कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, हात धुऊन धुऊन कातडी फुटायला लागली, तर तेव्हाही. तू लिहिलंयस त्यात मला यातलं काही दिसत नाही. तरी मनात शंका राहिली असेल तर लसीच्या पुढच्या खेपेला मुलांच्या डॉक्टरांना मोकळेपणानं विचार. अंगणवाडीतही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. 2013 पासूनची सोय आहे, फुकट आहे, गरज वाटली तर ते पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. बोलण्याबद्दलच प्रश्न असेल तर म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आपल्याच राज्यात आहे.

एक गोष्ट तिथं आठवणीनं सांग, आपल्या भागात ती हमखास राहून जाते. तपासणारा कन्नड बोलणारा असेल तर पोराचे मराठी शब्द त्याच्या हिशेबात येत नाहीत, आणि मराठी बोलणारा असेल तर 'बेड', 'साकु' सुटतात. शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. दोन भाषा कानावर पडल्यानं पोर मागं पडतं, हे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. अक्काकडं पाठवायचं बंद करू नकोस.

राहिली तुमच्या वडगावच्या मंगाईदेवीची यात्रा आणि आजोबांची खुर्ची. इथं मी थोडी कडक आहे. वस्तू कुठं ठेवायच्या हे त्यानं ठरवावं, माणसांनी कुठं बसायचं हे नाही. वन्सं आल्या आणि खुर्चीत बसल्या तर त्यांना उठवायचं नाही. पण तुझ्या सांगण्यानं हे व्हायचं नाही, कारण त्याच्या हिशेबात ती खुर्ची तुझी नाहीच. ज्याची आहे त्यानं सांगायला हवं. आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला मांडीवर घेऊन म्हणावं, "उद्या माझी खुर्ची मी आत्याला देणार आहे. मी इथं जाजमावर बसणार, तू माझ्याजवळ." सकाळी परत एकदा म्हणावं. पाहुणे आल्यावर स्वतः हात धरून वन्संना बसवावं. रडला तर थोडा रडेल.

आणि त्याला वेळ तरी कुठला मिळतोय रडायला. यात्रेच्या दिवशी तुमच्या दारात चाळीस जोड पडतील. तेवढ्या सगळ्या चपलांची तोंडं रस्त्याकडं करायची म्हणजे दुपार होईल. चांभारानं शिवलेल्या कुठल्या, रबरी कुठल्या, तेही लावतो का बघ आणि मला कळव.